स्नेह्यांनीं सुचविलेलें संगीत

वैद्य, शिंपी, आंब्यांचा व्यापारी किंवा मुलीसाठीं एखादें स्थळ, यांपैकीं कशाचीही शिफारस करणाऱ्या स्नेह्याची जबाबदारी मर्यादित असते. औषधाचा गुण आला नाहीं तर दोष वैद्याकडे जातो; आंबा आंबट निघाला तर व्यापाऱ्याच्या नांवानें बोटें मोडून आपण मोकळे होतों. गाणें सुचविणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. ‘हें अवश्य ऐका’ असें जेव्हां एखादा स्नेही म्हणतो, तेव्हां तो आपल्या अंतःकरणाचा एक कोपरा उघडून दाखवीत असतो. आणि ऐकणाऱ्यानें चार दिवसांनीं ‘बरें आहे’ एवढेंच उत्तर दिलें म्हणजे त्यास जें वाटतें, तें आंबट आंब्याच्या दुःखाहून पुष्कळच अधिक असतें. मराठी भाषेंत याहून निर्दय असे दोन शब्द आमच्या तरी पाहण्यांत नाहींत.

गेल्या पावसाळ्यांत अशा शिफारशी आमच्याकडे एकदम सहा ठिकाणांहून आल्या. निमित्त साधेंच होतें. ‘इमो’ या नांवानें ओळखलें जाणारें जें अमेरिकन संगीत आहे, त्याविषयीं ऐकीव निंदेपलीकडे आम्हांस कांहीं ठाऊक नाहीं, असें आम्ही चार मंडळींत बोलून गेलों. त्या मंडळींत हें संगीत तारुण्यांत मनापासून ऐकलेले दोघे निघाले, आणि त्यांच्याकडून ही बातमी आणखी चौघांच्या कानीं गेली. आठवड्याच्या आंत सहा अल्बमांचीं नांवें आमच्या हातीं आलीं. (अल्बम म्हणजे एका विशिष्ट क्रमानें एकत्र प्रसिद्ध केलेला नऊ-दहा-बारा गाण्यांचा संच, घरांतील वडील मंडळींनीं ध्वनिमुद्रिका म्हटलें तरी चालेल.)

कांहीं नियम आम्हीं आपले आपणच घालून घेतले. एकेक अल्बम आरंभापासून शेवटपर्यंत, मधलें एकही गाणें न गाळतां, निदान तीन वेळां ऐकावयाचा. पहिल्या वेळीं शब्द पुढें घ्यावयाचे नाहींत, दुसऱ्या वेळीं घ्यावयाचे. आणि सुचविणाऱ्यास ‘हा आपणांस कां आवडतो’ हें आधीं मुळींच विचारावयाचें नाहीं. शेवटचा नियम पाळणें सर्वांत कठीण गेलें, कारण सुचविणारे स्वतःच सांगण्यास उत्सुक होते. एका गृहस्थांचा दूरध्वनि तर आम्हांस मध्येंच तोडावा लागला. अभिप्राय मात्र प्रत्येकास पत्रानें कळवावयाचा, म्हणजे ‘बरें आहे’ म्हणून सुटतां येऊं नये.

‘इमो’ हा शब्द म्हणजे भावना या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा एक तुकडा होय. त्याचा जन्म वॉशिंग्टन शहरांतला. १९८० च्या सुमारास तेथील तरुणांत ‘हार्डकोअर’ नांवाचें अतिद्रुत, कर्णकठोर व संतप्त असें संगीत पसरलें होतें. मिनिट-दीड मिनिटाचीं गाणीं, आणि त्यांत साऱ्या जगावर राग. इयान मकाय व जेफ नेल्सन या दोघा तरुणांनीं १९८० सालीं ‘डिस्कॉर्ड’ ही ध्वनिमुद्रणसंस्था काढली व आपलें आणि आपल्या मित्रमंडळींचें संगीत तिच्यामार्फत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. परंतु चार-पांच वर्षांत या जलशांचें रूप पालटलें. गाणें बाजूस राहून श्रोत्यांची धक्काबुक्की व मारामारी हाच मुख्य कार्यक्रम होऊन बसला. त्याला विटून त्याच मंडळींतील कांहींनीं १९८५ च्या उन्हाळ्यांत नवा डाव मांडला, आणि बाहेरच्या जगावरचा रोख स्वतःच्या मनाकडे वळविला. या प्रकाराला ‘इमोकोअर’ असें नांव पडलें. तें मकाय यांस इतकें हास्यास्पद वाटलें कीं, त्यांनीं भर जलशांत त्याची टर उडविली. तेव्हांपासून आजतागायत हें नांव आपखुशीनें स्वीकारणारा वादक विरळाच. चाळींत एखाद्या मुलाला टोपणनांव पडावें, त्यानें जन्मभर त्यावर रागवावें, आणि त्याच्या मुलाच्या मुंजीच्या पत्रिका वांटतांनाही लोकांनीं त्याला त्याच नांवानें हांक मारावी, तशी या संगीताची स्थिति आहे.

आमच्या घरच्या मंडळींनीं मात्र पहिल्याच दिवशीं त्यास अस्सल मराठी नांव दिलें : रडगाणें. हें नांव न्यायाचें कीं अन्यायाचें, हाच पुढें दोन महिने आमच्यापुढें प्रश्न होता. करुणाचें वावडें आपल्या परंपरेला नाहीं; भवभूतीनें तर उत्तररामचरितांत सर्व रसांच्या मुळाशीं करुणच पाहिला. तथापि दुःख आणि करुणरस यांत आपल्या शास्त्रकारांनीं काटेकोर भेद केला आहे. भट्टनायक व त्यामागून अभिनवगुप्त यांचें सांगणें असें कीं, भाव हा अमक्याचा किंवा तमक्याचा राहिला नाहीं, त्याचें साधारणीकरण झालें, म्हणजेच त्याचा आस्वाद घेतां येतो. शेजारच्या घरांत कोणी रडूं लागलें तर आपण धांवत जातों. तो रस नव्हे. आतां इमोचा अट्टाहास नेमका याच्या उलट दिसतो. हें माझेंच दुःख, याच मुलीनें दिलेलें, याच गल्लींतलें, अमुक एका रात्रीचें, असें तें बजावून सांगतें. शेजारच्या घरचें रडणें मुद्रित करून विकावयास ठेवलें, तर त्यास कला म्हणावें काय? सहाही अल्बम आम्हीं या एका कसोटीवर घासून पाहिले.

कोल्हापूरच्या एका शिक्षक स्नेह्यांनीं ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या संघाचा त्याच नांवाचा १९८५ चा अल्बम सुचविला होता. संघाचें नांव स्ट्राव्हिन्स्कीच्या ज्या नृत्यनाट्यावरून घेतलें आहे, त्याच्या १९१३ सालच्या पॅरिसमधील पहिल्या प्रयोगाला प्रेक्षागृहांत मोठा गोंधळ माजला होता, हें पाश्चात्त्य संगीताच्या वाचकांस ठाऊक असेलच. मुद्रण झालें तें व्हर्जिनियांतील आर्लिंग्टन येथें, डॉन झिएंटारा यांच्या राहत्या घराच्या तळघरांत. देखरेख मकाय यांची. गाणारा गी पिच्चिओटो तेव्हां वीस वर्षांचाही नव्हता. त्याचा आवाज वर चढतो, फुटतो, शब्द अर्ध्यावर गिळले जातात, आणि मागें वाद्यें अशीं धांवतात कीं जणूं कोणी पाठीस लागलें आहे. पहिल्या वेळीं आमच्या कानांस केवळ कल्लोळ मिळाला. दुसऱ्या वेळीं शब्द पुढें घेतले, तेव्हां दिसलें कीं त्यांत संतापापेक्षां हळहळ अधिक आहे. कांहीं तरी हातून कायमचें निसटलें, ही जाणीव आहे, आणि तीही एकोणीस वर्षांच्या मुलाला! हा संघ धड दोन वर्षेंही टिकला नाहीं. १९८६ च्या आरंभीं तो मोडला. पिच्चिओटो आणि ड्रमवादक ब्रेंडन कॅन्टी हे पुढें मकाय यांच्या ‘फुगाझी’ या संघांत गेले.

येथें साधारणीकरण होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु ओरडणारा मुलगा आपल्या ओरडण्याकडे कोणी पाहत आहे कीं नाहीं याची चोरून खात्री करून घेत नाहीं, हा त्याचा मोठा गुण आहे. शिक्षक स्नेह्यांस आम्हीं लिहिलें कीं, हा अल्बम आवडला असें म्हणतां येत नाहीं, पण त्याविषयीं आदर वाटतो. त्यांचें उलट टपालीं उत्तर आलें : ‘आदर वाटतो म्हणजे बरें आहे, असेंच ना?’ या गृहस्थांचें मराठी फार पक्कें आहे.

पुण्याच्या एका बँकेंतील स्नेह्यांनीं ‘सनी डे रिअल इस्टेट’ या सिॲटलच्या संघाचा ‘डायरी’ हा अल्बम दिला. निर्वाणा या संघाचा पहिला अल्बम ज्यांनीं काढला, त्याच सब पॉप संस्थेनें हा १९९४ च्या मे महिन्यांत प्रसिद्ध केला. यांत गाणें हलक्या पावलांनीं येतें, बराच वेळ उंबऱ्यावर घोटाळतें, आणि अकस्मात् सारें घर व्यापून टाकतें. जेरेमी एनिक याचा आवाज कोंवळा, उंच, कांहींसा प्रार्थनेसारखा. नांव रोजनिशीचें असलें तरी हिच्या पानांवरची शाई पाण्यानें पसरलेली आहे. शब्द अर्धवट लागतात, संदर्भ लागत नाहींत. ख्यालांत बंदिशीचे शब्द जसे स्वर टांगण्यापुरत्या खुंट्या होऊन राहतात, तसेंच येथें होतें, आणि म्हणूनच हें दुःख ऐकणाऱ्याला आपलें म्हणून घेतां येतें. आमच्या कसोटीला हा अल्बम सहज उतरला. तसें कळविल्यावर आमच्या या स्नेह्यांनीं सांगितलें कीं, परीक्षेच्या वर्षीं ते रात्रभर हेंच ऐकत, आणि मुलाला कसला तरी आजार जडला असें वाटून त्यांच्या वडिलांनीं त्यांना दोन वेळां डॉक्टरांकडे नेलें होतें. डॉक्टरांनीं टॉनिक लिहून दिलें.

‘जिमी ईट वर्ल्ड’ या ॲरिझोनांतील संघाच्या ‘क्लॅरिटी’विषयीं (१९९९) फार लिहावयास नको. सुरेल, स्वच्छ, कोणाच्याही घरीं दिवाणखान्यांत चालेल असें तें काम आहे. शेवटचें गाणें तेवढें सोळा मिनिटांचें आहे व तेथें वादकांस कांहीं वेगळें साधावयाचें होतें हें जाणवतें. मोठ्या कंपनीनें त्यांस नंतर सोडून दिलें, पुढचा अल्बम त्यांनीं पदरच्या पैशानें केला, आणि २००२ सालीं त्यांतलेंच एक गाणें अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादींत पांचव्या क्रमांकावर गेलें, ही हकीकत आम्हांस त्या संगीताहून अधिक आवडली.

आमची खरी परीक्षा झाली ती एका तीस वर्षांच्या जुन्या मित्रामुळें. त्यानें दिला होता ‘वीझर’ या संघाचा ‘पिंकर्टन’. पुच्चीनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या १९०४ च्या संगीतिकेंत जपानी मुलीशीं लग्न लावून तिला टाकून जाणारा जो अमेरिकन आरमारी अधिकारी आहे, त्याचें हें नांव. मुखपृष्ठावर हिरोशिगेचें बर्फाळ रात्रीचें सुंदर चित्र. गीतकार रिव्हर्स क्युओमो हा पहिल्या अल्बमाच्या अफाट यशानंतर हार्वर्ड विद्यापीठांत शिकावयास गेला होता. एका पायाची लांबी वाढविण्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेच्या यातना त्याच काळांतल्या. एकलेपणाच्या त्या दिवसांत जें जें मनांत आलें, तें तें त्यानें कांहींएक न झांकतां गाण्यांत घातलें. १९९६ च्या सप्टेंबरांत अल्बम निघाला तेव्हां ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या वाचकांनीं त्यास वर्षांतील निकृष्टांत बसविलें. २००१ मध्यें स्वतः क्युओमोनेंही त्याची जाहीर निर्भर्त्सना केली. पुढें वारें फिरलें, आणि २००४ सालीं त्याच मासिकानें त्यास श्रेष्ठांच्या पंक्तींत नेऊन बसविलें.

चाली उत्तम आहेत, हें प्रथम सांगितलें पाहिजे. दोन तर अशा आहेत कीं त्या आम्हीं नको म्हणतांना चार दिवस आमच्या तोंडांत बसल्या. परंतु शब्द पुढें घेतल्यावर आमचें मन विटलें. जपानहून एका कोंवळ्या वयाच्या मुलीनें भाबडेपणानें पत्र धाडलें, तिच्याविषयींच्या स्वतःच्या कल्पना हा तीस ओलांडण्याच्या वाटेवरचा गृहस्थ गाऊन दाखवितो. प्रत्येक गाण्यांत एक स्त्री आहे आणि एकीलाही स्वतःचें बोलणें नाहीं. तो सारें कबूल करतो हें खरें. पण कबुलीजबाब आणि पश्चात्ताप एकच नव्हेत. आणि ‘पहा, मी किती प्रामाणिक आहें’ असा जो एक सुप्त अहंकार कबुलीच्या आंतून डोकावतो, तो आम्हांस लबाडीइतकाच अप्रिय वाटतो.

हें मित्राला कळवावयाचें कसें? पत्राचे चार खर्डे झाले. पहिल्यांत चालींचीच स्तुति होती, तो फाडला. चौथा धाडला, त्यांत वर लिहिलें आहे तें बहुतेक सर्व होतें. अकरा दिवस उत्तर नाहीं. बाराव्या दिवशीं, एकादशी होती, मित्र स्वतःच दारांत उभा. साबुदाण्याची खिचडी झाली, पावसाच्या, महापालिकेच्या गोष्टी झाल्या. अल्बमाचें नांव नाहीं. निघतांना चपला घालतां घालतां तो म्हणाला, ‘माझें ठरलेलें लग्न मोडलें, त्या वर्षीं हें ऐकत होतों. तुझें म्हणणें बरोबर आहे, तो माणूस वाईटच बोलतो. त्या वर्षीं मीही तसाच बोलत होतों. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तें ऐकल्यावर मला तें कळलें.’

आमचा निकाल यामुळें बदलला नाहीं. मात्र तें लग्न कां मोडलें, हें आम्हीं तीस वर्षांत एकदांही विचारलें नव्हतें, आणि त्यानेंही कधीं सांगितलें नव्हतें.

महाविद्यालयांत शिकणाऱ्या आमच्या एका भाचीनें ‘माय केमिकल रोमान्स’ या न्यू जर्सीच्या संघाचा ‘द ब्लॅक परेड’ सुचविला. हा २००६ च्या ऑक्टोबरांतला. म्हणजे सदर संगीत तळघरांतून निघून मोठमोठ्या क्रीडांगणांत पोंचल्यानंतरचा. काळे कपडे, काजळ, डोळ्यांवर आलेले केस हें जें इमोचें चित्र सामान्य लोकांच्या डोळ्यांसमोर असतें, तें या काळचें. अल्बमाला कथानक आहे. कर्करोगानें मरणोन्मुख झालेला एक रुग्ण. लहानपणीं वडिलांनीं त्याला मिरवणूक पाहावयास नेलें होतें, म्हणून मृत्यु त्याच्याकडे मिरवणुकीच्या रूपानें येतो. ढोल, कर्णे, समूहगायन, एका गाण्यांत तर वयोवृद्ध अभिनेत्री लायझा मिनेली हिचा आवाज! आम्हांस राहून राहून आपलीं संगीत नाटकें आठवलीं : तोच थाट, तोच अतिरेक, आणि पात्राच्या मुखवट्याआडून बोलल्यामुळें येणारी तीच मोकळीक. साधारणीकरणाचा मार्ग या मंडळींनीं स्वतःचा स्वतः शोधून काढला असें आम्हांस वाटतें. मधलीं दोन-तीन गाणीं भरतीचीं आहेत. तीं गाळलीं असतीं तर हानि नव्हती.

परंतु आमच्या भगिनीला चिंता निराळीच होती. मुलगी खोलीचें दार लावून मरणाचीं गाणीं ऐकते, हें कोणत्या आईला रुचेल? ही चिंता कांहीं एकट्या महाराष्ट्रांतली नव्हे. २००८ च्या मे महिन्यांत या संघाचे चाहते लंडनमध्यें एका वृत्तपत्राच्या कचेरीसमोर निषेधासाठीं जमले होते, कारण त्या पत्रानें हें संगीत तरुणांस आत्मनाशाकडे नेतें असें लिहिलें होतें. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत मेक्सिकोंतील केरेतारो शहरीं जमावानें इमो वेषांतील मुलांना चौकांत गांठून मारलें. तेथें धोका गाण्यांपासून नव्हता, जमावापासून होता. आम्हीं भाचीला सरळ विचारलें. ती म्हणाली, ‘आजोबा गेल्यापासून घरांत मरण हा शब्दच कोणी उच्चारीत नाहीं. विषय निघाला कीं आई चहा ठेवावयास जाते. या गाण्यांत तो शब्द मोठ्यानें म्हणतां येतो.’ दुसऱ्या दिवशीं आमची भगिनी दाराबाहेर उभी राहून एक गाणें पुरतें ऐकत होती. ‘बँड चांगला आहे,’ एवढेंच ती म्हणाली. पण त्या दिवसापासून दार लोटलेलें असतें, कडी नसते.

आतां उरला सहावा, आणि आमच्या मतें सर्वांत सरस. इलिनॉय राज्यांतील अर्बाना व शँपेन या जोडगांवीं तेथील विद्यापीठ आहे. अभियांत्रिकीसाठीं अमेरिकेस जाणाऱ्या आपल्या मुलांना तें नांव नवें नाहीं, आणि सुचविणारे स्नेहीही तेथेंच शिकलेले. माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स व स्टीव्ह लेमॉस या तेथल्या तिघा विद्यार्थ्यांनीं ‘अमेरिकन फुटबॉल’ या नांवानें १९९९ च्या सप्टेंबरांत नऊ गाण्यांचा एक अल्बम प्रसिद्ध केला. शिक्षण संपलें, मंडळी पांगली, संघ मिटला. जाहिरात नाहीं, मोठे दौरे नाहींत. अल्बम मात्र एका हातून दुसऱ्या हातीं, म्हणजे केवळ मित्रांच्या शिफारशीवर, पंधरा वर्षें फिरत राहिला, आणि २०१४ सालीं त्याच लोकांनीं पुन्हां एकत्र येऊन वाजविलें तेव्हां ऐकावयास अनपेक्षित गर्दी लोटली.

या संगीतांत ओरडणें नाहीं. गिटारींच्या तारा नेहमींच्या स्वरांत न लावतां निराळ्या जुळविल्या आहेत. दोन गिटारी एकमेकींत गुंफत जातात, आणि एकीचें आवर्तन संपतें तेथें दुसरीचें संपतेंच असें नाहीं. झपताल आणि रूपक ज्यांच्या कानांत मुरले आहेत त्यांना याची धास्ती वाटूं नये. सम शोधीत बसण्याची संवय आपल्याला आहेच. ड्रमवादक लेमॉस मधूनच ट्रंपेट वाजवितो, आणि तो स्वर दुरून, ओल्या हवेंतून आल्यासारखा येतो. शब्द अगदीं थोडे : उन्हाळा सरत आला आहे, दोघांनीं वेगळें व्हावयाचें आहे, आणि यांत दोष कोणाचाच नाहीं. दोन रचनांत तर शब्द मुळींच नाहींत. किन्सेलाचा आवाज पातळ व क्वचित् कणसुरा आहे, हें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. शिवाय मध्यंतरीं दोन गाणीं एकमेकांत मिसळून जातात. तरीही तिसऱ्या वेळीं ऐकतांना आम्हीं हातांतलें काम खालीं ठेवलें. या मुलांना कांहीं पटवून द्यावयाचें नाहीं, आपल्या दुःखाची किंमत वसूल करावयाची नाहीं. शब्द संपतात आणि गिटारी फिरत राहतात, तेवढ्या अवकाशांत ऐकणाऱ्याचें स्वतःचें कांहीं तरी येऊन बसतें.

मुखपृष्ठावर अर्बानांतील एक साधें, पांढरें, लांकडी घर आहे. खालून वर पाहून घेतलेलें संध्याकाळचें छायाचित्र, माडीच्या खिडकींत उजेड. विद्यार्थ्यांना भाड्यानें मिळतें तसलें हें घर. पण ज्यानें तें गांव कधीं पाहिलें नाहीं, त्यालाही तें पाहून आपली सोडलेली खोली आठवते; कोणाला वसतिगृहाची, कोणाला सदाशिव पेठेंतील जिन्याखालची. लोक दूरदूरहून त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्रें काढून घेतात. २०१६ च्या दुसऱ्या अल्बमावर याच घराच्या आंतलें चित्र आहे. आणि तें पुढेंमागें पाडलें जाऊं नये म्हणून २०२३ सालीं वादकांनीं, त्यांच्या प्रकाशकसंस्थेनें व कांहीं स्नेह्यांनीं मिळून तें विकतच घेतलें.

अर्बानांत शिकलेल्या स्नेह्यांस आम्हीं चार पानांचें पत्र लिहिलें. त्यांचें उत्तर तत्काळ आलें. आनंद झाला असें त्यांत होतेंच. शिवाय, आतां तुम्हींही आम्हांस कांहीं तरी सुचवावें, अशी मागणी होती. पुष्कळ विचार करून आम्हीं मल्लिकार्जुन मन्सूर यांचें एक दीर्घ ध्वनिमुद्रण कळविलें, व सोबत आमचे तीनही नियम लिहून पाठविले. ‘ऐकून कळवितों’ असें एक ओळीचें पत्र मागाहून आलें आहे. त्याला आतां चार आठवडे होतील.